पावसाळ्यात घरचा पोहायचा पूल हिरवा झालाय, गोळ्या टाकूनही शेवाळ हटत नाही. काय करावं?

नागावची सून:

नमस्कार. आमचं घर अलिबाग तालुक्यात, नागावला. वाडीत घरामागे एक पूल आहे. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, उथळ बाजूला १ मीटर पाणी आणि खोल बाजूला १.६ मीटर. आत निळ्या टाइल्स, सँड फिल्टर, पाऊण एचपीचा पंप. पाणी आमच्याच विहिरीचं. पूल भाड्याने देत नाही, घरचेच वापरतो. मुंबईहून दीर-जाऊ मुलांना घेऊन आले की मुलं सकाळपासून पाण्यातच असतात.

यंदा पावसाळा लागल्यावर आधी पायऱ्यांचे कोपरे बुळबुळीत झाले. मग सुपारीच्या बाजूच्या भिंतीवर, जिथे ऊन पोचत नाही तिथे, हिरवट थर दिसायला लागला. हात फिरवला की धुरासारखा पाण्यात उडायचा आणि दुसऱ्या संध्याकाळी परत तिथेच. मागच्या आठवड्यात रात्रभर पाऊस झाला, लाइटही गेली होती, पंप बंद. सकाळी बघते तर सगळं पाणी हिरवंगार. उथळ बाजूची तिसरी पायरी दिसत नाही.

क्लोरीन कमी पडतंय असं म्हणावं तर तसंही दिसत नाही. तरंगत्या डब्यात मोठ्या गोळ्या (टीसीसीए) कायम असतात. पिवळ्या थेंबांचा किट आहे, त्यात पाणी छान गडद पिवळं येतं. मग शेवाळ वाढतंच कसं?

आठवड्याला सफाईला येणारे भाऊ म्हणतात गोळ्या दुप्पट करा. ज्यांनी पूल बांधला ते म्हणतात पूर्ण रिकामा करून ॲसिडने घासून घ्या. शेजारचे काका मोरचूद (तांब्याचे निळे खडे) म्हणतात. तिघंही कळकळीने सांगतायत, पण तिघांचं तीन दिशांना. मागच्या वेळी पुतण्याचा कान दुखून मोठं प्रकरण झालं होतं, आणि जावेची धाकटी अजून चार वर्षांचीसुद्धा नाही. गणपतीला सगळे येणार. कुठल्या क्रमाने काय करू, आणि तोवर या पाण्यात उतरणं सुरक्षित आहे का, एवढं नीट सांगा.

सुपारीबाग, रेवदंडा:

वहिनी, आमच्याकडे बागेच्या हौदात शेवाळ धरलं की मोरचूदच. फडक्यात पुरचुंडी बांधायची, काठीला लावून पाण्यातून फिरवायची. दोन दिवसांत शेवाळ तळाला बसतं. सुपारीवर बोर्डो मारायला घरात मोरचूद असतंच, वेगळा खर्च नाही. आमच्या वडिलांपासून हे चालत आलंय आणि गुण येतो, म्हणून सांगितलं.

जुना पूलवाला:

ताई, तुम्ही मापं दिलीत हे फार बरं केलंत. बहुतेक लोक नुसतं “पाणी हिरवं झालं” लिहितात, मग डोस सांगायचा तरी कसा? तुमच्या पुलाची सरासरी खोली १.३ मीटर, म्हणजे ८ गुणिले ४ गुणिले १.३, एकूण ४१.६ घनमीटर. साधारण ४१,६०० लिटर. हा आकडा पंपाच्या खोलीत भिंतीवर खडूने लिहून ठेवा. पुढचं सगळं गणित त्यावर चालतं. १ पीपीएम (दहा लाख भाग पाण्यात एक भाग) क्लोरीन वाढवायला तुमच्या पुलाला साधारण ४२ ग्रॅम शुद्ध क्लोरीन लागतं.

मी कर्जत, लोणावळा, अलिबाग पट्ट्यात पूल सांभाळण्यात आयुष्य घातलंय. श्रावणात हिरवे झालेले पूल बघायला बोलावतात तेव्हा निम्म्याहून जास्त ठिकाणी हीच कहाणी असते: डब्यात गोळ्या भरलेल्या, किट पिवळं, पाणी हिरवं. कारण त्या गोळीतच आहे.

टीसीसीएची गोळी विरघळते तेव्हा पाण्यात दोन गोष्टी जातात. एक क्लोरीन, दुसरं सायन्युरिक ॲसिड, ज्याला आम्ही स्टॅबिलायझर म्हणतो. स्टॅबिलायझर वाईट नाही. उघड्या पुलात तो नसेल तर दुपारचं ऊन दोन-चार तासांत क्लोरीन खाऊन टाकतं. ३० ते ५० पीपीएम असावाच. पण क्लोरीन वापरलं जातं, उडून जातं. स्टॅबिलायझर मात्र तिथेच राहतो. उन्हाने जात नाही, फिल्टरने जात नाही. तुमच्या पुलात १ किलो गोळ्या विरघळल्या की तो सुमारे १३ पीपीएमने चढतो. १० किलोचा एक डबा संपला आणि मध्ये पाणी बदललं नसेल, तर १३० च्या घरात. तो जेवढा जास्त, तेवढं क्लोरीन त्याला बांधलेलं. मापात दिसतं, पण शेवाळ मारायला मोकळं नसतं. ढोबळ हिशेब असा, की शेवाळ नुसतं रोखायचं तरी मोकळं क्लोरीन स्टॅबिलायझरच्या साडेसात टक्के लागतं. स्टॅबिलायझर ४० असेल तर ३ पीपीएमने भागतं. १४० असेल तर साडेदहा लागतात, तिथे ३ ने काहीच होत नाही. म्हणून गोळ्या दुप्पट करू नका. त्याने पुढचा महिना आणखी अवघड होईल.

दुसरं, तुमचा पिवळ्या थेंबांचा किट. तो मोकळं क्लोरीन आणि घाम-लघवी-पानांशी जोडलं जाऊन निकामी झालेलं क्लोरीन दोन्ही एकत्र दाखवतो. गडद पिवळ्यातलं कामाचं किती, ते त्यातून कळत नाही. डीपीडीचा किट मागवा, गुलाबी रंग येतो तो. त्यात मोकळं वेगळं आणि एकूण वेगळं मोजता येतं. सोबत स्टॅबिलायझर मोजायची काळ्या ठिपक्याची नळी येते का ते बघून घ्या. ऑनलाइन मिळतात. जे पैसे औषधात घालणार होतात त्यातले थोडे या किटमध्ये घाला, मी हात जोडून सांगतो. मोजल्याशिवाय पुलात काहीही ओतायचं नाही.

आता रिकामा करण्याचं. पावसाळ्यात, नागावसारख्या समुद्रकाठच्या गावात, पूल पूर्ण रिकामा करायचा नाही म्हणजे नाही. जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं. पूल भरलेला असतो तोवर आतल्या पाण्याचं वजन त्याला दाबून धरतं. रिकामा केला की खालून ढकलणाऱ्या पाण्याला अडवायला फक्त तुमचं काँक्रीट उरतं. तळापेक्षा भूजल १ मीटर वर असेल तर दर चौरस मीटरला १ टन जोर येतो. तुमचा तळ ३२ चौरस मीटर, म्हणजे ३२ टन. तळ उचलला जातो, कोपऱ्यात चीर जाते, टाइल्स फटाफट सुटतात. असं झालेला पूल मी डोळ्यांनी पाहिलाय. ती दुरुस्ती ज्याच्या वाट्याला आली त्या घरमालकाचा चेहरा अजून आठवतो. तुमच्या विहिरीत डोकवा. पाणी जमिनीपासून किती खाली आहे ते दोरीने मोजा. पुलातलं पाणी त्या पातळीच्या खाली कधीही न्यायचं नाही.

मोरचुदाबद्दल. रेवदंड्याच्या भाऊंचं खरं आहे, तांब्याने शेवाळ मरतं. पण बागेच्या हौदात माणसं डुंबत नाहीत. तांबं पाण्यातून जात नाही, साठत राहतं. विहिरीचं पाणी जड असलं की टाइल्सच्या सांध्यांवर निळसर-काळे डाग धरतात. जास्त झालं तर पांढऱ्या आणि फिक्या केसांना हिरवट छटा येते. वर तेच पाणी पुढे ओढ्यात सोडलं तर मासे मरतात. शिवाय हे शेवाळ मारायला लागतं ते क्लोरीन तुम्हाला जंतूंसाठी लागणारच आहे, मग दुसरं कशाला?

तोवर पुलात कोणीही उतरायचं नाही. पुलातल्या साध्या हिरव्या शेवाळाने सहसा कोणी आजारी पडत नाही. पण जिथे शेवाळ टिकतं तिथे क्लोरीन पुरत नाही असा त्याचा अर्थ, म्हणजे जंतूही टिकतात. आणि याहून मोठी गोष्ट: ज्या पाण्याचा तळ दिसत नाही, त्यात बुडणारं मूलही दिसत नाही. खोल बाजूची तळाची जाळी काठावरून स्वच्छ दिसेपर्यंत पूल बंद. बाजूला लहान मुलांसाठी अडसर लावा, आजच.

मोजमापं आली की इथे टाका. पीएच, मोकळं क्लोरीन, एकूण क्लोरीन, अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवणारे पाण्यातले क्षार), स्टॅबिलायझर. फिल्टरवरच्या दाबाच्या घड्याळाचा आकडाही.

जांभ्यावरचा, रत्नागिरी:

एक गोष्ट आधी तपासा. पाणी हिरवं पण पारदर्शक आहे का? आमच्याकडे जांभ्यातल्या बोअरचं पाणी पहिल्यांदा पुलात भरून क्लोरीन टाकलं तेव्हा तासाभरात हिरवट-चहासारखं झालं. शेवाळ समजून आणखी क्लोरीन ओतलं, आणखी गडद. ते लोह होतं. परीक्षा सोपी आहे: पांढऱ्या बादलीत विहिरीचं पाणी घ्या, त्यात झाकणभर हायपो (द्रवरूप क्लोरीन) टाका, रात्रभर ठेवा. पिवळं-तांबूस झालं तर लोह. ते असेल तर नव्या पाण्याने पूल भरताना त्रास होईल.

नागावची सून:

सगळ्यांचे मनापासून आभार. किट आला. नवरा आणि मी दोघांनी मिळून मोजलं.

पीएच ७.२. मोकळं क्लोरीन २, एकूण साडेतीन. अल्कलिनिटी ६०. स्टॅबिलायझरच्या नळीत पाणी ओतत होतो तर १०० च्या खुणेला पोचायच्या आधीच ठिपका गायब. मग किटच्या कागदात लिहिलंय तसं निम्मं पुलाचं, निम्मं बाटलीतलं पाणी घेऊन परत केलं, तर ७० आलं. म्हणजे दुप्पट, १४०. पूलवाल्या काकांनी न बघता जवळपास बरोबर सांगितलं होतं. गोळ्यांचे रिकामे डबे पडवीत आहेत, त्यावरून हिशेबही जुळतो.

फिल्टरचं घड्याळ २२ पीएसआय दाखवतंय. बॅकवॉश मारल्यावर (फिल्टरमधून उलटं पाणी सोडून धुतल्यावर) १२ वर येतं आणि दोन दिवसांत परत वर चढतं.

विहिरीचं पाणी काठापासून दोन हातांवर आहे, दोरीने मोजलं तर जमिनीपासून साधारण पाऊण मीटर खाली. बादलीची परीक्षा केली, सकाळी पाणी होतं तसंच स्वच्छ. लोह नाही बहुतेक.

आता पुढे?

जुना पूलवाला:

वा, याला म्हणतात मोजमाप. आता अंदाज करायचं कारण नाही.

एकूण साडेतीन वजा मोकळं दोन, म्हणजे दीड पीपीएम क्लोरीन निकामी झालेलं आहे. अर्ध्या पीपीएमच्या आत असायला हवं. पुलाला जो “क्लोरीनचा” वास येतो, डोळे चुरचुरतात, तो याचा. लोक वास आला की क्लोरीन जास्त झालं म्हणतात. खरं तर बहुतेक वेळा चांगलं क्लोरीन कमी पडलेलं असतं.

पहिलं काम पाणी बदलणं. विहीर पाऊण मीटरवर आहे, तर पुलातलं पाणी एका वेळी ४० सेंटिमीटरच उतरवा. त्याच्या खाली नाही. ४० सेंटिमीटर म्हणजे १२,८०० लिटर, एकूण पाण्याच्या ३१ टक्के. विहिरीचं नवं पाणी भरा, पंप चालू ठेवून एक रात्र नीट मिसळू द्या, मग परत ४० उतरवा. पहिल्या खेपेला १४० चे ९७ होतील, दुसऱ्याला ६७, तिसऱ्याला ४६. तिथे थांबा. पाऊस पडला तर तो फुकटचं नवं पाणी देतो, पण पूल काठापर्यंत भरून वाहू देऊ नका. बागेतली माती आणि शेणखत धुऊन आत येतं आणि शेवाळाला खत मिळतं. पाणी काढताना मल्टिपोर्टचा (फिल्टरवरच्या झडपेचा) दांडा “वेस्ट” वर, म्हणजे पाणी थेट बाहेर जाईल असा, ठेवून तळाची घाण व्हॅक्यूमने ओढतच पाणी काढा. एका दगडात दोन कामं होतात आणि फिल्टरही चोंदत नाही. दांडा फिरवायच्या आधी दर वेळी पंप बंद करा, नाहीतर आतली गॅस्केट जाते.

तीन खेपा झाल्या की स्टॅबिलायझर परत मोजा. ४५-५० च्या आसपास आला की खरी लढाई.

पीएच ७.२ आहे, उत्तम, ॲसिडला हात लावायची गरज नाही. हा आकडा क्लोरीन वाढवायच्या आधीच बघायचा असतो, कारण क्लोरीन १० च्या वर गेलं की पीएचचे थेंब खोटं, जास्तीचं माप दाखवतात. पीएच महत्त्वाचा का, तर ७.५ ला क्लोरीनचा साधारण निम्मा भाग जोमदार रूपात असतो आणि ८ ला जेमतेम पाचवा हिस्सा. अल्कलिनिटी ६० म्हणजे थोडी कमी, गोळ्या आम्लधर्मी असल्याने ती खाल्ली जाते. विहिरीच्या पाण्याने ती आपोआप वर येईल. ८० ते १२० मध्ये आली की बास. नाही आली तर खाण्याचा सोडा टाकू, नंतर.

मग द्रवरूप हायपो आणा. १० टक्क्यांचा, ताजा. कॅनवर तारीख बघा, उन्हात ठेवलेला कॅन घेऊ नका, महिनाभरात उन्हाने त्याचा दम निघून जातो. स्टॅबिलायझर ४६ असेल तर मारक्या पातळीसाठी त्याच्या ४० टक्के, म्हणजे १८ पीपीएम मोकळं क्लोरीन लागतं. १८ गुणिले ४१.६, साधारण ७५० ग्रॅम. १० टक्क्यांच्या हायपोत ते साडेसात लिटर. सूर्य मावळल्यावर, पंप चालू ठेवून, पाणी आत येतं त्या तोंडासमोर सावकाश ओता. वारा पाठीशी घ्या. चष्मा आणि रबरी हातमोजे हवेतच.

ब्लिचिंग पावडर वापरू का असं सफाईवाले भाऊ विचारतील. चालते, पण ती ३०-३३ टक्क्यांची, बाकीचा बराचसा चुना. पाणी दुधाळ होतं आणि गाळ फिल्टरला जातो. वापरायचीच असेल तर आदल्या दिवशी ड्रममध्ये कालवून ठेवा आणि वरची नितळी तेवढी घ्या.

ओतल्यावर घासा. खरं औषध ब्रश आहे. शेवाळाच्या अंगावर एक बुळबुळीत थर असतो, तो फोडल्याशिवाय क्लोरीन आत शिरत नाही. नायलॉनचा ब्रश, टाइल्सवर तारेचा नको. पायऱ्यांच्या आतल्या कडा, शिडीच्या दांड्यामागची जागा, दिव्याची चकती, स्किमरच्या (वरचा कचरा ओढणाऱ्या तोंडाच्या) झाकणाखाली, आणि तुम्ही सांगितलीत ती सुपारीकडची भिंत. शिडी निघत असेल तर काढून घासा. नेहमी तिथूनच परत येतं. तो तरंगता डबाही आतून-बाहेरून घासा.

पंप चोवीस तास. घड्याळ १२ च्या वर ८-१० पीएसआय चढलं की बॅकवॉश, काच स्वच्छ दिसेपर्यंत, मग अर्धा मिनिट “रिन्स”. या काळात दिवसातून दोनदाही मारावा लागेल, घाबरू नका, मेलेलं शेवाळ वाळूत अडकतंय याची ती खूण आहे. वाळू किती जुनी आहे? पाच-सात वर्षं झाली असतील तर पावसाळ्यानंतर बदला.

सकाळ-दुपार-संध्याकाळ मोकळं क्लोरीन मोजा आणि १८ च्या खाली गेलं तेवढं भरा. एवढं क्लोरीन किटवर थेट मोजता येत नाही. एक भाग पुलाचं आणि चार भाग बाटलीचं पाणी घ्या आणि आलेला आकडा पाचाने गुणा. एक फार महत्त्वाचं: डीपीडी टाकल्यावर क्षणभर गुलाबी होऊन पाणी परत पांढरं झालं तर “क्लोरीन संपलं” समजू नका. ते खूप जास्त असल्याने रंग उडालेला असतो.

पाण्याचा रंग आधी हिरव्याचा निळसर-राखाडी, दुधी होईल. तेव्हा शेवाळ मेलंय, फिल्टर ते हळूहळू काढेल. इथे लोक घाई करून तुरटी टाकतात. तुरटी टाकायचीच तर शेवाळ पूर्ण मेल्यावर, पंप बंद करून, रात्रभर गाळ बसू देऊन सकाळी “वेस्ट” वर ओढायचा. तुरटीचा गाळ फिल्टरमध्ये गेला की वाळूचं ढेकूळ होतं. तुम्हाला बहुधा गरज पडणार नाही.

थांबायचं कधी? तीन गोष्टी एकदम जुळल्या पाहिजेत. तळाची जाळी लख्ख दिसते. निकामी क्लोरीन अर्ध्या पीपीएमच्या आत. आणि रात्री मोजलेलं मोकळं क्लोरीन सूर्य उगवायच्या आधी परत मोजलं तर १ पीपीएमपेक्षा जास्त कमी झालेलं नाही. रात्री ऊन नसतं, माणसं नसतात. तरी क्लोरीन कमी झालं तर कोणीतरी जिवंत आत ते खातंय. ही शेवटची परीक्षा वगळू नका, पाणी निळं दिसलं तरी.

आणि हे मोठ्या अक्षरात वाचा, सफाईवाल्या भाऊंनाही वाचून दाखवा. हायपो किंवा ब्लिचिंग आणि ॲसिड कधीही एका बादलीत, एकामागोमाग त्याच भांड्यात, जवळजवळ सुद्धा नको. विषारी वायू निघतो. टीसीसीएच्या गोळ्या आणि ब्लिचिंग किंवा कॅल्शियम हायपो एका डब्यात, एका पळीने नको. आग लागते, स्फोटही होतो. पावडर पाण्यात टाकायची, पावडरीवर पाणी ओतायचं नाही. आणि हे काहीही पंपाच्या खोलीत विजेच्या बोर्डाशेजारी ठेवायचं नाही.

बालरोग, पेण:

मी बालरोगतज्ज्ञ आहे. पूलवाले काकांनी तांत्रिक बाजू फार छान मांडलीय. मुलांच्या बाजूने थोडं.

पुतण्याच्या कानाबद्दल: कमी क्लोरीनच्या पाण्यात स्यूडोमोनास नावाचा जिवाणू तग धरतो. पोहल्यावर कानाच्या बाहेरच्या नळीला सूज येऊन कान नुसता ओढला तरी दुखतो, त्यामागे बहुतेक वेळा हाच. पोहून आल्यावर डोकं तिरकं करून पाणी निघू द्या, टॉवेलच्या टोकाने बाहेरून कोरडं करा. कानात काडी, बड, गरम तेल काहीही नको. कान वाहत असेल किंवा आधीपासून पडद्याला छिद्र असेल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पाण्यात नको.

धाकटीबद्दल जास्त बोलायचंय. एवढी लहान मुलं पाण्यात शी करतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण घरात ठरलेलं हवं की मग काय करायचं. घट्ट शी असेल तर सगळ्यांना बाहेर काढा, जाळीने उचला (व्हॅक्यूमने ओढू नका), मोकळं क्लोरीन किमान २ आणि पीएच ७.५ च्या आत आहे ना बघा आणि अर्धा तास तरी थांबा. तुमच्या पुलात स्टॅबिलायझर आहे, म्हणून मी तर त्या दिवशी कोणाला उतरवणारच नाही. पातळ जुलाब असेल तर गोष्ट वेगळी. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी साध्या क्लोरीनला दाद देत नाही, नेहमीच्या पातळीत कित्येक दिवस जगतो. तो मारायला स्टॅबिलायझर नसलेल्या पाण्यात २० पीपीएम क्लोरीन जवळपास १३ तास ठेवावं लागतं, आणि स्टॅबिलायझर असेल तर त्याहून बराच जास्त वेळ. तेव्हा सोपा नियम पाळा: ज्या मुलाला जुलाब होतायत किंवा नुकतेच थांबलेत त्याला पुलात घ्यायचंच नाही. क्रिप्टोचं निदान झालं असेल तर जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे नाही. पोहायचे डायपर पातळ शी अडवत नाहीत, त्यावर भरवसा ठेवू नका. दर तासाला मुलांना बाहेर काढून शू-शीला न्या, आणि उतरण्याआधी साबणाने आंघोळ. पाणी तोंडात घेऊन पिचकाऱ्या मारायचा खेळ बंद.

केरळात २०२४ आणि २०२५ मध्ये मेंदूत शिरणाऱ्या अमीबाच्या बातम्यांनी पालक घाबरलेत, माझ्याकडेही विचारायला येतात. तो अमीबा कोमट, गोड्या, क्लोरीन नसलेल्या पाण्यात राहतो आणि नाकातून आत जातो. पाणी पिऊन होत नाही. नीट क्लोरीन असलेल्या पुलात तो टिकत नाही. तसंच लेप्टोचं. आपल्या कोकणात पावसाळ्यात उंदरांच्या लघवीतून तो येतो, पुलाचं क्लोरीन त्याला मारतं, पण पुलाभोवतीच्या चिखलात ते क्लोरीन नसतं. म्हणून मुलांनी काठावर अनवाणी चिखलात खेळून मग आत उडी मारायची नाही. पायावर जखम असेल तर मुळीच नाही.

ताडपत्री झाकली असेल तर तिच्यावर साचलेलं पाणी आठवड्याच्या आत ओतून द्या. डासांच्या अळ्या तिथे होतात.

सुपारीबाग, रेवदंडा:

पूलवाले काका, पटलं. वहिनींना मोरचूद नको. पण जे बारा-बारा हजार लिटर पाणी काढणार ते कुठे सोडायचं? आमच्याकडे असतं तर सरळ सुपारीला दिलं असतं.

जुना पूलवाला:

भाऊ, चांगलं विचारलंत. आता काढायचं पाणी मोकळं क्लोरीन २ असलेलं आहे. पसरट खड्ड्यात किंवा जुन्या हौदात दोन दिवस उन्हात राहू दे, किटवर शून्य आलं की नारळाला चालेल. मारक्या पातळीच्या दिवसांतलं बॅकवॉशचं पाणी मात्र झाडांना, ओढ्याला, विहिरीजवळ कुठेच नको. वेगळा शोषखड्डा असेल तर तिथे. शौचालयाच्या टाकीतही नको, तिथले उपयोगी जिवाणू मरतात.

नागावची सून:

काका, तिन्ही खेपा झाल्या, स्टॅबिलायझर ५० आला. म्हणून २० पीपीएम धरून चाललो. पहिल्या रात्री घातलेलं क्लोरीन सकाळपर्यंत निम्म्यावर आलं होतं. मग रोज थोडं थोडं कमी लागत गेलं. शिडी काढली तर तिच्या पोकळ दांड्यातून हिरवा गाळ घळाघळा बाहेर आला, तुम्ही सांगितलं नसतं तर तो तसाच राहिला असता. सफाईवाल्या भाऊंना सगळं वाचून दाखवलं, आता ते स्वतः किट घेऊन मोजतात आणि वहीत लिहितात.

आज पहाटे मोजलं, रात्रीपेक्षा अर्ध्या पीपीएमनेच कमी. निकामी क्लोरीन जवळपास शून्य. जाळीचे स्क्रू मोजता येतायत.

दोन शंका राहिल्या. टाइल्सच्या सांध्यांत खोल बाजूला काळे ठिपके आहेत, घासले तरी जात नाहीत. आणि रोज सकाळी दोन-तीन बेडूक आत सापडतात, एखादा मेलेला. आता पुढे रोज काय ठेवायचं?

जुना पूलवाला:

झकास. आता क्लोरीन आपोआप ५ पर्यंत उतरू द्या, मग मुलांना सोडा.

काळे ठिपके म्हणजे काळं शेवाळ, खरं तर ते जिवाणूंच्या जातीचं. सांध्याच्या सिमेंटमध्ये मूळ धरतं आणि वर कठीण टोपी असते. टोपी फोडल्याशिवाय काही होत नाही. जुना कडक टूथब्रश घ्या, एकेक ठिपका खरवडा, लगेच त्या संध्याकाळी क्लोरीन परत २० ला न्या. आठवडाभराने जे उरतील ते पुन्हा. चिकाटीचं काम आहे. सांधा पोकळ झाला असेल तिथे पावसाळ्यानंतर खोदून नवा भरून घ्या, नाहीतर तिथूनच परत फुटतं.

बेडकांसाठी दोन कोपऱ्यांत काथ्याची जाड चटई काठावरून पाण्यात लोंबती सोडा, दगड ठेवून. भिंत गुळगुळीत असल्याने ते चढू शकत नाहीत, चटईवरून चढतात. पुलाचा दिवा रात्री बंद ठेवा, उजेडाला किडे येतात आणि किड्यांमागे बेडूक. मेलेला दिसला तर जाळीने काढा, क्लोरीन बघा, बास.

रोजचं: स्टॅबिलायझर ५० ला मोकळं क्लोरीन ४ ते ६ च्या मध्ये. ऊन असेल त्या दिवशी साधारण लिटरभर हायपो, संध्याकाळी. ढगाळ दिवशी त्याहून कमी, पण मोजून. मोठा पाऊस झाला की त्याच रात्री मोजा, सकाळची वाट बघू नका. पंप रोज आठ तास, लाइट गेली तर आल्यावर तेवढे तास भरून काढा. पायऱ्या आणि सुपारीकडची भिंत आठवड्यातून दोनदा ब्रशने, शेवाळ दिसत नसलं तरी. गावाला गेलात तर चार दिवस गोळ्या चालतील, फक्त किती किलो गेल्या ते वहीत लिहा: किलोला १३ पीपीएम स्टॅबिलायझर. वहीतली बेरीज ३० पीपीएमवर गेली की परत ४० सेंटिमीटर पाणी बदलायचं.

आणि सफाईवाल्या भाऊंना माझा नमस्कार सांगा. त्यांना काही अडलं तर इथेच विचारायला सांगा.